पाणघोड्याची कवळी

बाबांचा फोन आईच्या कपाटात, लोकरीच्या शालीच्या घडीत, बंद करून ठेवलेला सापडला तेव्हा लेकीच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

"फोन शालीत कशाला?" तिनं विचारलं.

"थंडी वाजत होती त्याला," आई म्हणाली आणि कपाटाचं दार लावायला पुढे झाली.

आई असलं तिरकं बोलायची ती फक्त विषय मिटवायचा असला की. एरवी तिचा कारभार सरळ. म्हणून फोन हातात तसाच धरून लेक म्हणाली, "बाबांचे फोटो असतील यात. मला हवेत."

"फोटो काय, भिंतीवर आहेत की. आणि तो नंबर बंद करून टाक आता. उगीच चालू कशाला ठेवायचा?"

बाबांना जाऊन काही आठवडेच झाले होते. त्यांचा चष्मा अजून न्हाणीघराच्या खिडकीत होता, चपला दाराशी होत्या, आणि त्यांना हात लावायला आई कुणाला देत नव्हती. मग फोनच तेवढा घाईघाईनं बंद करायचा?

संशय हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. विमा कंपनीत ती दावे तपासायची. दुकान जळालं की जाळलं, चोरीला गेलेली गाडी मेव्हण्याच्या अंगणात ताडपत्रीखाली तर नाही ना, हे बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. बाबा तिला शंकासुर म्हणायचे. "आमचा शंकासुर आरशात बघतानासुद्धा स्वतःकडे ओळखपत्र मागतो," असं पाहुण्यांना सांगून खो खो हसायचे.

फोनचं कुलूप उघडायला काही अक्कल लागली नाही. बाबा कवळ्या करायचे. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची आणि बाबा नि त्यांचा भागीदार मेणात, प्लास्टरमध्ये साचे काढून दात बसवायचे. त्यामुळे जिथे म्हणून आकडे घालायचे तिथे बाबा मोठ्या माणसाचे बत्तीस आणि लेकराचे दुधाचे वीस घालायचे. तिनं तेच घातले. फोन उघडला.

फोटो राहिले बाजूला. वर निरोप आलेले होते, जावईबापूंचे.

हे जावईबापू म्हणजे खरे जावई नव्हेत. तिकडच्या मुलीशी लग्न करून जपानात स्थायिक झालेला एक माणूस. बाबांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. तिथल्या लिलावाच्या वेबसाइटवर परक्या देशातल्या माणसाला बोली लावता येत नाही. नाव तिथलं लागतं, पत्ता तिथला लागतो. जावईबापू हा मधला माणूस. तुम्ही त्याला वस्तू दाखवायची, कुठवर जायचं ते सांगायचं. तो स्वतःच्या नावानं बोली लावायचा, जिंकला तर वस्तू त्याच्या घरी यायची, आणि तो ती बांधून तुमच्याकडे धाडायचा. सगळा मामला भरवशाचा. तिच्या मते, जिथे सगळा मामला भरवशाचा असतो तिथेच बहुतेक पाणी मुरतं.

बाबांना हवे असायचे पाणघोडे. कुठल्याशा जुन्या टूथपेस्टवाल्यांनी दंतवैद्यांच्या टेबलांवर ठेवायला पाणघोड्यांचं एक कुटुंब काढलं होतं. मुठीएवढी प्लास्टिकची बाहुली, सगळी आ वासलेली, प्रत्येकाच्या हातात ब्रश. बाप, आई, मुलगी, मुलगा, कडेवरचं बाळ. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ती मंडळी वर्षानुवर्षं एका ओळीत उभी होती, आणि ओळीच्या टोकाला एक जागा रिकामी. ती जागा आजोबांची. आजोबा पाणघोड्याच्या हातात ब्रश नसतो, कवळी असते. गुलाबी हिरडी, पांढरे दात, डाळिंबाच्या दाण्याएवढी. ती सुटी निघते, त्यामुळे हरवते. आजोबा बाजारात मिळायचे ते बोळकेच.

"तुम्ही करा की कवळी," ती एकदा म्हणाली होती. "उभा जन्म तेच केलंत."

"मी केली तर ती माझी झाली. त्याची नव्हे," बाबा म्हणाले होते. "दुसऱ्याच्या मापाची कवळी तोंडात बसत नाही, शंकासुरा. पाणघोडा झाला म्हणून काय झालं?"

तिनं निरोप मागे मागे वाचत नेले. आजारपणाच्या काळात कवळीवाला आजोबा तीनदा लिलावात आला होता. तिन्ही वेळा बाबांनी वरची मर्यादा सांगितली होती, आणि तिन्ही वेळा जावईबापूंचं उत्तर अक्षराला अक्षर तेच होतं. "काका, एका पायरीनं गेला."

म्हणजे समोरच्यानं बोलीची एकच पायरी वर चढून नेला. एकदा एका पायरीनं जाणं हे नशीब. दोनदा, योगायोग. तीन वेळा एकाच शब्दांत तेच घडलं की तिच्या कचेरीत त्या दाव्यावर लाल खूण पडायची. ज्याला तुमची शेवटची मर्यादा ठाऊक, त्यालाच एका पायरीनं वर जाता येतं. आणि बाबांची मर्यादा साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी ती बाबांची हत्यारं आणायला लॅबमध्ये गेली. भागीदारकाका खिडकीशी बसून एका कवळीचा सुळा कानशीनं घासत होते. सगळीकडे प्लास्टरची पांढरी पूड आणि वितळलेल्या मेणाचा वास. बाबांच्या स्टुलावर कुणी बसत नव्हतं. त्यावर साच्यांचा ढीग रचला होता, म्हणजे बसायचा प्रश्नच येऊ नये.

"काका, तो जपानचा माणूस कसा वाटायचा तुम्हाला?"

"जावईबापू? गोड बोलायचा. गोडाने दात किडतात, एवढं मला ठाऊक आहे." काकांनी कवळी उजेडात धरली. "पण तुझ्या बापाचा जीव होता त्याच्यावर. आणि हरला की हा गडी रडण्याऐवजी आम्हाला चहा पाजायचा, बोल! इथे यायचं त्राण नसायचं, तरी रिक्षा करून यायचा. म्हणायचा, हरलो परत."

"आणि जिंकला असता तर?"

"तर काय! सारखं एकच पालुपद होतं. एवढा आजोबा आला की मी मोकळा. म्हटलं मोकळा होऊन करणार काय, हत्ती गोळा करणार?"

काका हसले, मग त्यांना हसवेना. ते पुन्हा सुळ्याला लागले.

ती घरी आली ती मनाशी ठरवूनच. मेलेल्या माणसाला फसवणाऱ्याला सोडायचं नाही. शेवटच्या महिन्यांत बाबांना दुसरं होतं काय? गोळ्या, उशा, आणि हा एक पाणघोडा. तोही कुणी लांबवर बसून हातोहात लांबवत होता.

सर्वांत नवा निरोप तिनं पुन्हा वाचला. तो बाबा गेल्यानंतर आलेला होता. "काका, बरेच दिवस आवाज नाही. तब्येत बरी ना? आजोबा दिसलाय, कवळीसकट. विकणाऱ्यानं नुसतं 'जनावर, सुट्या भागासह' एवढंच लिहिलंय, कुणाच्या लक्षात यायचं नाही. लावू?"

म्हणजे चोराला यजमान गेल्याचा पत्ताच नव्हता. तिला बरंच वाटलं.

तिनं बाबांच्या फोनवरून, बाबांसारखंच तुटक, लिहिलं, "लाव. जाऊ देऊ नकोस." आणि बाबा द्यायचे त्याच्या दुप्पट मर्यादा दिली. मग आपल्या फोनवरून दुसऱ्याच एका मोठ्या एजन्सीत खातं उघडलं. तिथे गोड बोलणारं कुणी नाही, नुसते चौकोन भरायचे. त्याच आजोबांवर तिनं स्वतःची बोली लावली, अगदी तळातली, जिथून लिलाव सुरू होतो ती. जावईबापू खरा असला तर तो तिला चुटकीसरशी मागे टाकेल. दुसऱ्या नावानं हात मारत असला, तरीही टाकेल, पण मग वर "गेला" म्हणेल. कसंही झालं तरी खरंखोटं उघडं पडणार होतं.

तिकडे रात्रीची जेवणं होतात तेव्हा लिलाव संपतात. इथे तेव्हा दुपार कलायला आलेली असते. आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. समोर लेक दोन फोन दोन हातांत धरून बसली होती.

"दोन दोन फोन? एकावर भागत नाही का?"

"कामाचं आहे."

"कामाचं असलं की तुझ्या कपाळाला आठी पडत नाही. ही आठी घरची आहे," आई म्हणाली आणि एक शेंग फोडली.

पडद्यावर वेळ संपत आली. कुणी हललं नाही. शेवटच्या क्षणी बोल्यांची धाड पडते असं तिनं वाचलं होतं, म्हणून ती पडद्यावर नजर रोखून बसली. धाड पडली नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि तिच्या फोनवर अभिनंदनाचा रंगीत कागद उडाला. एकूण बोल्या, एक. तिचीच.

तिला कळेना. मग उजव्या हातातला, बाबांचा फोन थरथरला.

"काका, एका पायरीनं गेला. जिवाला लावून घेऊ नका, आणखी येतील. तब्येत सांभाळा."

"आई," ती उठलीच, "हे बघ! यानं बोली लावलीच नाही. एकटी मी होते, मी! आणि हा मला तोंडावर सांगतोय एका पायरीनं गेला. वर्षभर बाबांना फसवत होता हा."

आईनं फोनकडे पाहिलंही नाही. मटाराचा एक दाणा टेबलावरून घरंगळला, तो तिनं उचलून भांड्यात टाकला.

"फसवत होता," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस? कधी? फोनवर?"

"तपासनीसबाई, आधी बसा."

ती बसली.

"दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाची गोष्ट," आई म्हणाली. "डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. तुला माहितीये. आणि हे घरात पाऊल टाकतात ते थेट त्या कपाटापुढे. म्हणतात, एवढा आजोबा आला की मी मोकळा. एकदा नाही. उठता बसता तेच. मी म्हटलं, अहो, दुसरं काहीतरी बोला. तर हसतात. मग एके दिवशी हे औषधानं झोपलेले आणि फोन वाजला. हा जावई. काकू, आजोबा सापडला, कवळीसकट, काका खूश होतील. मी म्हटलं, बाबा रे, बोली लावली म्हणून सांग, पण जिंकू नकोस."

"आई!"

"काय आई? त्यांची आशा सुटू द्यायची नाही आणि वस्तू हाती लागू द्यायची नाही, एवढंच मला सुचलं. तो आधी हसला. मग म्हणाला, काकू, मी हरत राहीन. तुम्ही सांगाल तोवर हरेन."

"मांजर आडवं गेलं की थांबणाऱ्यांना तू हसतेस. तू?"

"मांजर आडवं गेलं तर आजही हसेन. ते माझं मांजर नव्हतं, माझा नवरा होता." आईनं शेंगा पुढे ओढल्या, पण सोलल्या नाहीत. "आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून किती जास्त काढलं त्यांनी. ते कशानं? तुझ्या त्या महागड्या गोळ्यांनी?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं. शास्त्राला धरून, सरळ, बिनचूक. तिनं ते दिलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू पुरावा मागितला असतास."

खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं बाबांचा फोन समोर ओढून तो निरोप पुन्हा वाचला. जिवाला लावून घेऊ नका. आणखी येतील. मघाशी हा तिला चोराचा लाघवीपणा वाटला होता. तो माणूस तिकडे दूर, आपल्या घरात जेवण आटोपून, अजून इमानानं हरत होता. त्याच्या लेखी बाबा होते. या टेबलाशी, शाल पांघरून, चुकचुकत बसलेले.

"तू त्याला कळवलंच नाहीस," ती म्हणाली.

"दोनदा फोन हातात घेतला. सांगू काय? आता जिंकलास तरी चालेल, असं?"

मग आईनं पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. लेकीनं फोन दिला. आईनं जावईबापूंचं नाव शोधून काढलं, चष्मा कपाळावर सारला आणि फोन कानाला लावला.

"मी बोलते," ती म्हणाली. "तू जा तिकडे."

एरवी ती दाराआड उभी राहिली असती. तिचा धंदाच तो. आज तिनं बैठकीच्या खोलीत येऊन मधलं दार आपल्या हातानं लावून घेतलं. काचेच्या कपाटात पाणघोडे आ वासून बघत होते. टोकाची रिकामी जागा पुसून लख्ख होती. आई रोज पुसायची तीही, बाकीच्यांबरोबर.

तिच्या फोनवर एजन्सीचा प्रश्न येऊन पडला होता. वस्तू लगेच पाठवायची की गोदामात राखून ठेवायची? खाली दोन चौकोन. तिचं बोट कशावरच टेकेना. बाबा मोकळे व्हायचे ते आजोबांवाचूनच झाले. आता ते घरी आणले तर आईला रोज त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार, आणि नाही आणले तर ती जागा.

दार उघडलं. आईचे डोळे लाल होते.

"रडला बिचारा," ती म्हणाली. "मलाच त्याची समजूत घालावी लागली. म्हणतो, काकू, मी आजही हरलो. म्हटलं, बरं केलंस."

लेकीनं फोन तिच्यापुढे धरला. आईनं फोटोतला आजोबा नीट न्याहाळला. पोट सुटलेलं, एक कान जरा झिजलेला, हातात ती गुलाबी कणी.

"ध्यान आहे," ती म्हणाली. "आणू का, असं विचारतेयस?"

"हं."

"आण. आता कुणाला अडवायचंय?" ती कपाटापाशी गेली आणि कडेवरच्या बाळाला किंचित आत सरकवून टोकाची जागा मोठी केली. "आणि त्यांना लिही, कवळी वेगळ्या डबीत, कापसात बांधा. हातात ठेवून पाठवली तर वाटेत पडेल, आणि ती शोधत बसणारं माणूस काही आता घरात नाही."