माहीनचा उजवा डोळा

करोनाच्या कर्फ्यूत, जूनमधल्या सूर्यग्रहणाच्या सकाळी, मुझफ्फरने जुन्या एक्स-रेची फिल्म दुहेरी करून लेकीच्या हातात दिली. "हिच्यातून बघ. काय होत नाय." माहीन दहा वर्षांची. आखातातल्या एगैला उपनगरात, त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं, तर उजव्या डोळ्यासमोर मधोमध करडा ठिपका. डोळ्याचा पडदा भाजलाय, यावर औषध नाही, असं जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं.

माहीनची आई तबस्सुम नर्स, त्या सकाळी ती ड्युटीवर होती. तिने नवऱ्याला एकच विचारलं, "तुम्ही होतात ना तिच्याजवळ?"

"होतो की. पाचेक मिनिटंच बघितलंन तिनं."

ठिपका काही गेला नाही.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, पुन्हा ग्रहण आलं. "अब्बा, आय वॉन्ट टू सी इट," माहीन म्हणाली. ग्रहण बघायचा चष्मा घ्यायला मुझफ्फर दुकानात गेला. दुकानदार संग्राम सोलापूरकडचा.

"महागाचाच पाहिजे असं नाही, कागदी फ्रेमचा चालतो," तो म्हणाला. "आयएसओ १२३१२-२ हा सुरक्षिततेचा नंबर बघायचा. पण नुसत्या नंबरावर जाऊ नका, तो कुणीही छापतो. घालून ट्यूबलाइटकडे बघा. खोली दिसली तर फेकून द्या. ओरखडा असला तरी फेका. गॉगल, एक्स-रे तर नकोच."

मुझफ्फरने चष्मा घातला. सगळा काळोख. त्याने किंमत विचारली. शवर्माचा एक रोलही त्याहून महाग.

"एवढ्याशा पैशांत?" म्हणत तो तिथल्याच स्टुलावर बसला.

ग्रहणाच्या दुपारी गच्चीवर माहीनने मान खाली घालून चष्मा चढवला आणि मग वर पाहिलं. "सूर्य चावलेल्या बिस्किटासारखा आहे," ती हसली. "त्या दिवशी तुम्हालाही असाच दिसला होता?"

"मी बघितलाच नाय गो. खाली फोनवर होतो. अर्धा तास."

"मला माहितीये. मी मम्माला सांगितलं नाही."

त्याला हुंदका आवरेना. पोरीने हे ओझं दोन वर्षं एकटीने वागवलं होतं.

संध्याकाळी तबस्सुम घरी आली, तेव्हा त्याने तिला दारातच सगळं सांगितलं. तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "डोळ्याचं नशिबावर ढकललं असतं हो मी. पण तुमचं खोटं पोरीला सांभाळावं लागलं."

ती माहीनच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून दोघींच्या रडण्याचा आवाज येत होता. मुझफ्फर बाहेर उभाच होता. दार वाजवायला त्याचा हात उचलेना.