पट्ट्यातला हात

ते यंत्र घरात आलं त्या दिवसापासून मला त्याचा संशय होता. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, की माझं बीपी परस्पर हॉस्पिटलात. वर दर मंगळवारी तिथल्याच एका मुलीचा फोन. जुनाट आजाराची माणसं घरी बसून उपचार घेताना मनाने कशी राहतात, याचा म्हणे ती अभ्यास करते. "काका, आजाराचं मनावर ओझं किती? शून्य ते दहा सांगा." मी दर वेळी शून्य सांगायचो. माझ्या मनाची मापं घेणारी ही कोण? मापं घेण्यात माझी चाळीस वर्षं गेली.

फॉर्म भरला होता मुलाने. तिथेच पाणी मुरत होतं. "बाबा, आकडे वर गेले तर दुकान बंद करून आमच्याकडे यायचं," असं त्याने आधीच बजावलं होतं. शिलाईचं दुकान पुढे, मी आणि बायको मागच्या खोलीत. ते शटर एकदा पडलं की मी संपलो, हे त्याला कोण सांगणार? मुलगा, ती मुलगी आणि ते यंत्र, तिघं एकमेकांना सामील आहेत याबद्दल मला शंका नव्हती.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. रोज सकाळी पट्टा बायकोच्या दंडाला बांधायला लागलो. तिचं कधी डोकं दुखल्याचं मला आठवत नाही. "मला काय धाड भरलीय," म्हणत ती एका हाताने बटणांचा डबा आवरायची आणि दुसरा माझ्या हवाली करायची. दोन महिने सगळं सुरळीत. मुलगा गप्प, दुकान चालू, आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो.

या मंगळवारी त्या मुलीने ओझं विचारलंच नाही.

"काका, तीन आठवडे आकडे चढतायत. आजचा तर फारच. चक्कर येते का?"

घ्या. म्हणजे आकडे चढवून माझं शटर पाडायचा बेत. "तुमचं यंत्र बिघडलंय," मी म्हणालो. "मी ठणठणीत आहे."

"यंत्र नीट आहे, काका. डोळ्यांपुढे अंधारी? उठताना तोल जातो?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

समोर बायको सुईत दोरा ओवत होती. एकदा चुकला, दोनदा चुकला. तिने सुई बाजूला ठेवली आणि कपाळ शिलाई मशीनच्या कडेला टेकवलं. हल्ली ती असं रोजच करायची. मला वाटायचं, चष्मा बदलायला झालाय.

मी फोनवर हात ठेवला. "तुला चक्कर येते का गं?"

"येते उठताना. त्यात काय एवढं."

"कधीपासून?"

"झाला की महिना."

"मग बोलली का नाहीस?"

डोकं न उचलता ती म्हणाली, "बोलले असते, तर तुम्ही दुसरा हात कुठून आणला असता?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन कानाला लावायचंच सुचेना. फोनमधून ती मुलगी विचारत होती, "काका, आहात ना?"

"तो हात माझा नाही," मी म्हणालो. "माझ्या बायकोचा आहे. पहिल्या दिवसापासून."

"त्यांना घेऊन लगेच हॉस्पिटलात या. मला तुमच्या मुलालाही कळवावं लागेल."

"कळव," मी म्हणालो.

बायकोला धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं. मग शटर मीच खाली ओढलं.