समीनाच्या चार ओळी

इंद्रभान सरांची अट एकच होती. आदर्श असा निवडायचा, की त्याच्या घरी चालत जाता आलं पाहिजे.

मागच्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनाला 'माझा आदर्श' हा विषय दिल्यावर मुलांनी मोबाइलवरून थोरामोठ्यांची चित्रं छापून आणली होती आणि खाली कुठलीतरी चरित्रं उतरवली होती. एकतीस मुलं आणि आदर्श मोजून पाच. यंदा सर म्हणाले, तसं नको. फोटो स्वतः काढा आणि खाली चार ओळी लिहा. कोण, कुठे, केव्हा, आणि एक अशी गोष्ट, जी फक्त तुम्हालाच माहीत आहे. हे चार प्रश्न त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि महिनाभर कुणाला पुसू दिले नाहीत.

मुलांनी मग गाव पालथं घातलं. कुणी लाइनमनला खांबावर टिपलं. सागरनं आपल्या आज्याचा, उकंडरावांचा फोटो काढला. विहिरीत पडलेली जनावरं म्हातारा दोरानं उतरून अजूनही वर काढतो. आणि आठवीतल्या समीनानं काढला आपल्या दादीचा, म्हणजे आजीचा; गाव तिला हुस्नबानो खाला म्हणे. गावात मुसलमानाच्या घरी बाई वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला खालालाच बोलावणं जाई. फोटोत ती उंबऱ्यात उभी होती. काखेत साबण, कापूर आणि पांढऱ्या कापडाचं गाठोडं, नजर रस्त्याकडे.

खाली समीनानं लिहिलं होतं: "ही माझी दादी हुस्नबानो. ती मयत झालेल्या बायांना आंघोळ घालते. मागच्या रमजानच्या सत्ताविसाव्या रोजाला तिनं आमच्या गावातल्या एका मोठ्या घरच्या बाईला आंघोळ घातली, तिचे वरचे कपडे जरीचे होते आणि आतले सात ठिगळांचे. दादीनं ते आतले कपडे ओढणीखाली लपवून घरी आणले आणि चुलीत जाळले, म्हणजे त्या बाईला कुणी हसणार नाही."

पहिल्या कच्च्या लिखाणात रोजाचा उल्लेख नव्हता. सरांनीच लाल पेनानं 'केव्हा?' असं लिहून वही परत केली होती. साऱ्या जन्मात पुस्तकंच वाचली, पण अशा चार ओळी आपल्याला कधी जमल्या नाहीत, असं त्यांना त्या ओळी वाचताना दर वेळी वाटे. पहिला नंबर त्यांनी डोळे झाकून समीनाला दिला. मलकापूरहून सनबोर्डचे जाडसर फलक छापून आले, फोटो आणि ओळी एकाच बोर्डावर. अकरा वाजता शाळा समितीचे अध्यक्ष कादरभाई फीत कापणार होते, आणि पहिल्या नंबराच्या ओळी सर माईकवरून वाचून दाखवणार होते.

साडेदहाला खाला शाळेच्या हॉलमध्ये आली. एकटीच. समीना बाहेर रांगोळीला लागली होती.

"सर, माहा फोटो कुठी हाये?"

"या ना खाला! हा काय, मधोमध. पहिला नंबर आला तुमचा."

"अगं माय!" खाला ओढणी तोंडाला लावून हसली. "मी तं भूतावानी दिसून राह्यली. अन् खाली काय लिवलं पोरीनं? मले वाचता येत नाही. वाचा बरं."

सरांनी वाचलं. अगदी छान, थांबत थांबत. माईकवर असंच वाचायचं, असं मनाशी ठरवत. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली, तर खालाचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला होता.

"हे काहाडा, सर."

"काऊन? चांगलं तं लिहिलं. नाव नाही घेतलं कुणाचं."

"नाव कायले पायजे? सत्ताविसाव्या रोजाले गावात एकच जनाजा उठला." खालानं दाराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "कादरची बायको. आयशाची माय."

कादरभाईंचं मलकापुरात कापडाचं दुकान. शाळेच्या पोरांना दर वर्षी गणवेशाचं कापड त्यांच्याच घरून येई. त्या घरातल्या बाईच्या अंगावर ठिगळं! गावाला वर्षभर चघळायला पुरलं असतं.

"आंघोय घालनारीनं जे पाह्यलं, ते कबरीत न्यावं लागते," खाला म्हणाली. "त्या भरोश्यावर लोक मले आत घेतेत अन् दार लावतेत. चाळीस वर्षं झाले, माह्या तोंडून एक शबद नाही गेला. पोरीले सांगतलं, काऊन का तिले माह्या मागं हेच काम कराचं हाये. शिकवाव म्हनून सांगतलं हो, सर. आता हे वाचलं त्यायनं, तं कोनतं घर मले उंबऱ्याच्या आत घेईन?"

सरांनी बोर्डावरच्या 'सत्ताविसाव्या' या शब्दावर बोट ठेवलं. 'केव्हा?' हे आपणच विचारलं होतं.

दाराशी चपला वाजल्या. मुलं आत यायला लागली. त्यांत कादरभाईंची लेक आयशाही होती. ती मैत्रिणींसारखी भराभर पुढे गेली नाही. दाराजवळच्या पहिल्या बोर्डापाशी थांबली, ओठ हलवत सगळं वाचलं, मग दुसऱ्यापाशी गेली. समीनाचा बोर्ड सोळावा होता.

सरांनी तारेवरून बोर्ड उतरवला. पण पहिल्या नंबराच्या जागी भोक कसं ठेवायचं? आणि दादीचा फोटो पोरीच्या हातून का काढून घ्यायचा? त्यांनी हस्तकलेच्या पेटीतून कटर घेतला, बोर्ड टेबलावर आडवा टाकला आणि फोटोखालून पट्टी कापायला लागले. सनबोर्ड करकरला. आयशा सातव्या बोर्डाशी होती. मग नवव्याशी. पट्टी अर्धी सुटली तेव्हा ती बाराव्यापाशी उकंडरावांच्या फोटोला हसत होती.

पट्टी सुटली, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"सर, हे काय करून राह्यले?"

कादरभाई. अंगावर कडक इस्तरीचा कुर्ता, बरोबर मुख्याध्यापिका संजीवनी मॅडम.

"पहिल्या नंबराचाच बोर्ड कापला का जी तुम्ही?" कादरभाई हसत म्हणाले. "काय लिवलं होतं असं? दाखवा तं." त्यांनी हात पुढे केला.

सरांनी पट्टी पाठीमागे घेतली आणि दोन्ही हातांनी मोडली. एकदा, मग पुन्हा एकदा. कादरभाईंचं हसू मावळलं. हात मात्र तसाच पुढे होता. त्यांची नजर बोर्डावरच्या फोटोवर गेली, तिथून भिंतीला टेकलेल्या खालावर.

"खाला, काही लपवून राह्यले का तुम्ही लोकं?"

खालाची नजर सरांच्या पाठीमागच्या हातांकडे गेली. आणखी एक प्रश्न आला असता तर ती कोलमडली असती, हे सरांना दिसत होतं. आयुष्यात ते कधी चारचौघांत खोटं बोलले नव्हते.

"त्या ओळी समीनाच्या नाहीत," ते म्हणाले. "मी लिहिल्या. पोरीच्या नावावर खपवल्या. माझ्याच लिखाणाला मी पहिला नंबर दिला. आज वाचायची वेळ आली तेव्हा लाज वाटली, म्हणून कापल्या."

"सर!" दारातून समीना ओरडली. रांगोळीनं तिचे हात लाल-हिरवे झाले होते. "खोटं काऊन बोलून राह्यले? मी लिवलं—"

"चूप!" खाला म्हणाली. एवढंच. पण असा आवाज समीनानं दादीच्या तोंडून कधी ऐकला नसावा. ती जागच्या जागी थिजली.

कादरभाईंनी हात मागे घेतला. "मले वाटलं, काय असन बापा," ते म्हणाले. मग मान हलवली. "तुमच्यासारख्या मानसानं असं कराव, सर? लेकरायले आदर्श शिकवून राह्यले न तुम्ही?"

"रिटायरमेंटला सात महिने राहिलेत तुमच्या," संजीवनी मॅडम दबल्या आवाजात म्हणाल्या. "उद्या मला लेखी द्या. पहिला नंबर सागरला."

कार्यक्रम झाला. सागरच्या ओळी मॅडमनी वाचल्या, उकंडरावांना मानाची टोपी घातली, टाळ्या पडल्या. आयशानं सोळाव्या जागी लावलेला खालाचा फोटो पाहिला, खाली काहीच नाही म्हणून क्षणभर रेंगाळली आणि सतराव्याकडे गेली. जाताना खालानं सरांपुढे हात केला. त्यांनी मोडलेले तुकडे तिच्या हातावर ठेवले. तिनं ते ओढणीत बांधले आणि निघून गेली.

समीना मागे राहिली. खुर्च्या उचलणाऱ्या सरांसमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"सर, माह्या ओळी खराब होत्या का?"

"नाही गं. फार चांगल्या होत्या."

"मग सांगा ना वर्गात सगळ्यायले, का त्या माह्या होत्या. सागर मले चोट्टी म्हनून राह्यला."

सरांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. सागरला गप्प करतो, असं ते म्हणाले. तिनं मान हलवली. तिनं मागितलं होतं ते हे नव्हतं. सरांजवळ तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. ती डोळे पुसत दाराकडे वळली, आणि सरांनी पुन्हा खुर्ची उचलली.