आज्यांच्या कोपराहून उंच ओटा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा ओटा आहे. माझी गोष्ट कुणी ऐकावी इतकी मोठी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. ओट्याने बोलू नये, त्याच्यावर भाजी चिरली जावी, असेच मी इतकी वर्षे मानत आलो. पण गेल्या वर्षी माझ्या अंगावर एक लाल कागद चिकटवला गेला आणि त्या कागदाने माझे भलेच केले. ते सांगितल्यावाचून राहवत नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या एका लहान कारखान्यात झाला. वसतिगृहांच्या आणि खानावळींच्या स्वयंपाकघरांचे सामान तिथे बनत असे. कारखान्याचा मालक को म्योंग-ह्वान डोंगरातल्या बामगोल गावचा. गावात नवे समाजमंदिर बांधले जात होते. तिथल्या स्वयंपाकघराला आपल्याकडून काही भेट द्यावी असे त्याच्या मनात आले आणि त्याने मला स्वतःच्या हाताने जोडले. जाड पत्रा निवडला, कडा घासून गुळगुळीत केल्या, एका बाजूला भांडी धुण्यासाठी खोल सिंक बसवले. उंची ठरवताना मात्र त्याने फक्त स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला. बामगोलमध्ये त्याच्याइतका उंच माणूस दुसरा नव्हता. हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि मला तरी तेव्हा काय कळत होते? शेवटी त्याने माझ्या दर्शनी बाजूवर लाल अक्षरांत लिहिले, 'भेट – को म्योंग-ह्वान'.

समाजमंदिराच्या उद्घाटनाला मी मधोमध उभा होतो. सगळ्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "आरशासारखा चमकतोय," असे कुणीतरी म्हणाले. मला फार आनंद झाला. तेवढी स्तुती मला पुढे पंधरा वर्षे पुरली.

गावात अकरा म्हाताऱ्या होत्या. त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. जिचे माहेर जिथले, ती तिथली. रोज दुपारचा स्वयंपाक हादोंगवाली आजी करीत असे आणि अकराही जणी एकत्र जेवत. जन्मभर भातलावणी करून तिची पाठ पार वाकली होती. ती जमिनीकडे पाहत चाले आणि चुकून कधी आकाश दिसले तर त्याचेही तिला हसू येई. माझी कड तिच्या हनुवटीला लागे. म्हणून तिने किमचीचा, म्हणजे आमच्याकडच्या तिखट, आंबवलेल्या कोबीचा, रिकामा डबा पालथा घातला आणि त्याच्यावर चढून ती माझ्यापाशी उभी राहू लागली. बाकीच्या जणी खाली, आतून तापवलेल्या उबदार जमिनीवर बसून मुळे सोलत. माझ्यावर उरत ते मोठे पातेले आणि धुण्याची भांडी.

मी गैरसोयीचा आहे हे दहा जणींना माहीत होते. पण अकरावी होती नामवॉनवाली, म्योंग-ह्वानची आई. तिच्या मुलाचे नाव माझ्या छातीवर लिहिलेले. तिच्या देखत मला नावे कोण ठेवणार? आणि देणगीदाराची आई म्हणून तिला कुणी कामालाही हात लावू देत नसे. "ताई, तुम्ही बसा हो," असे म्हणून तिला सर्वांत गरम जागी बसवत. त्यामुळे पंधरा वर्षांत ती एकदाही माझ्यापाशी उभी राहिली नव्हती.

मागच्या वसंतात तालुक्याच्या कचेरीतून दाउन नावाची तरुण मुलगी वही घेऊन आली. वृद्धांना न सोसणारे स्वयंपाकघरातले सामान बदलून मिळणार होते. सामान योग्य की अयोग्य, एवढेच तिला लिहून न्यायचे होते. तिने मोठ्या आवाजात विचारले, "आजी, हा ओटा तुम्हाला उंच होत नाही ना?"

हादोंगवालीने एकवार नामवॉनवालीकडे पाहिले आणि म्हणाली, "छे गं, छान आहे. आम्हाला कशाला नवीन? दुसऱ्या गावाला द्या."

"खरंच?"

"खरंच. तू आधी रताळं खा बघू."

दाउनने 'योग्य' असे लिहिले, खिशात कोंबलेली भाजकी रताळी सांभाळत वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

दार लागले. नामवॉनवालीही मोरीचे पाणी पाहायला बाहेर गेली, तेव्हा एक जण हळूच म्हणाली, "पोरीनं परत विचारलंच नाही."

"'खरंच?' म्हणाली की ती. म्हणजे दोनदा झालं."

"दोनदाच ना?" हादोंगवाली म्हणाली. "मी तिसऱ्यांदा 'बघा बाई, तुम्हीच ठरवा' म्हणणार होते. तर हिनं वही मिटली."

"आता पुन्हा पाच वर्षांनी येणार म्हणे."

"पाच वर्षांनी मी वर डोंगरात गवताखाली असेन," हादोंगवाली म्हणाली. "तिथं ओटा लागत नाही." सगळ्या हसल्या. मी मात्र हसलो नाही. माझ्यामुळे कुणी डब्यावर चढते आहे, हे मला नीट कळू लागले होते.

दोन आठवड्यांनी तो डबा सरकला. हादोंगवाली पळीसकट खाली बसली आणि मुळ्याच्या सुपाचे पातेले माझ्यावर कलंडले. सूप गरम नव्हते, एवढे नशीब. पण तिचे मनगट सुजले. तिच्या मुलीने बजावले, "आई, आता समाजमंदिरात पाऊल टाकायचं नाही." दुसरे कुणी डब्यावर चढायला धजेना. जेवण बंद पडले. अकरा म्हाताऱ्या अकरा घरांत एकेकट्या, भातात पाणी घालून जेवू लागल्या. मित्रांनो, रिकामे स्वयंपाकघर किती मोठे वाटते, ते मला त्या दिवसांत समजले.

चौथ्या दिवशी सकाळी नामवॉनवाली एकटीच आली. तिने बाह्या सारल्या, एक मुळा घेतला आणि डबा न घेता माझ्यापाशी उभी राहिली. सूप करून घरोघरी पोचवावे, असा तिचा बेत होता. तिने हात वर करून सिंकमध्ये मुळा धरला आणि नळ सोडला. पाणी मुळ्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून थेट काखेत गेले. ती तशीच उभी राहिली. मग माझ्यावरचे नाव तिने वाचले. खूप वेळ वाचले. तीनच तर शब्द होते.

"पंधरा वर्षं," ती म्हणाली. "आणि एकीनं तोंड उघडलं नाही."

ओल्या बाहीनेच तिने आधी मुलाला फोन लावला. "तू ओटा केलास की करकोच्यासाठी मचाण केलंस रे? ये इकडे." मग कचेरीत लावला. बदलायच्या सामानाची यादी दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीत जाणार होती.

दाउन दुसऱ्या दिवशी सकाळीच धावत आली. अकराही जणी जमल्या होत्या, हादोंगवालीसुद्धा, गळ्यात हात अडकवून. दाउनने वही उघडून विचारले, "आजी, मग ओटा बदलायचा का?"

आणि काय सांगू, हादोंगवालीच्या तोंडून सवयीने निघालेच, "छे गं, आम्हाला कशाला—"

"गप्प बस," नामवॉनवाली म्हणाली. तिने माझ्यावर थाप मारली. मी घणघणलो. "लिही पोरी. अयोग्य. ज्यानं दिला त्याची आई सांगतेय."

"नक्की, आजी?" दाउनने विचारले. मग थोडे थांबून ती म्हणाली, "नक्की ना?" आणि आणखी थांबून, "अगदी नक्की?"

"शहाणी झालीस," नामवॉनवाली म्हणाली.

दाउनने माझ्यावर लाल कागद चिकटवला, 'वापरास अयोग्य'. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. म्योंग-ह्वान त्याच दुपारी आला. कागद त्याच्या नावाच्या बरोबर शेजारी होता. त्याने टोपी काढली, कान लाल होईपर्यंत उभा राहिला आणि मग स्वतःच हसू लागला. खिशातून फीत काढून त्याने एकेका आजीच्या कोपराची उंची मोजली. "अरे, गुदगुल्या होतात," म्हणत हादोंगवाली चांगला हात वर करीना. "चाळीस वर्षांत कुणी माझं माप घेतलं नाही," दुसरी म्हणाली. "माझं दोनदा घे." ती मापे त्याने कचेरीत दिली, आणि नवा ओटा त्यांच्याप्रमाणे यायचा ठरला.

"याचे पाय कापून देऊ का?" माझ्याकडे बोट दाखवून त्याने आईला विचारले.

"इतकं खाली आलं तर सिंकचं पाणी मोरीत कसं जाईल? आणि त्याच्या पायांनी काय गुन्हा केला? पाय कापू नकोस. उंच माणसं शोध."

उंच माणसे दाउनला ठाऊक होती. कचेरीच्या कामासाठी ती मुलींच्या एका शाळेत जात असे. तिथल्या वसतिगृहात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली राहत आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बुटक्या ओट्याने त्यांच्या कमरा भरून येत. भंगाराच्या गाडीऐवजी मी शाळेच्या गाडीत चढलो. लाल कागद वाटेत वाऱ्याने उडाला. नाव तसेच राहिले.

इथे मला फार काम असते. सकाळी माझ्यावर चाळीस अंडी फुटतात. मुली ताठ उभ्या राहून भाजी चिरतात, गातात, भांडतात. म्योंग-ह्वान कोण हे त्यांना माहीत नाही, म्हणून त्या मलाच म्योंग-ह्वानकाका म्हणतात. "काकांवर पातेलं ठेव," असे कुणी म्हटले की मला अजून लाजल्यासारखे होते.

थंडी सुरू होताना बामगोलच्या अकराही आज्या वर्षाची किमची घालून झाल्यावर दोन टब भरून इथे घेऊन आल्या. नव्या ओट्यापाशी सगळ्या जणी उभ्याने काम करतात आणि नामवॉनवालीला आता भांडीही घासायला लावतात, असे त्यांच्या बोलण्यावरून कळले. सहा फुटी मुलींच्या गराड्यात हादोंगवाली माझ्याजवळ आली. तिने आधी मुलींकडे मान वाकडी करून पाहिले, मग माझ्याकडे.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा इथं किती ठेंगणा दिसतोय."

पंधरा वर्षांत असे सुख मला झाले नव्हते.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढेच मागतो. एखादी वस्तू गैरसोयीची झाली तर लगेच भंगारात टाकू नका, तिच्या मापाची माणसे शोधा. कुणाला काही देणार असाल तर आधी त्यांच्या कोपराची उंची पाहा. आणि त्यांना काय हवे ते विचाराल तेव्हा एकदा विचारून वही मिटू नका. निदान तीनदा विचारा.