बाबांसाठी एक बाण

आपण संगणकावर खेळतो तो अंतराळाचा खेळ बाबांनाही घेऊन द्यायची बुद्धी तिला कुठून झाली कोण जाणे. ते आता चांगलंच भोवत होतं. आई गेल्यावर त्यांचा वेळ जाईना, म्हणून तिने त्यांना यान उडवायला शिकवलं आणि आपल्या घरी परतली. तेव्हापासून फोन सुरू. त्यांनी जन्मभर टॅक्सी चालवली होती खरी, पण जिथे रस्ताच नाही तिथे माणूस करणार काय?

“चिमणे, परत हरवलो गं. चहूकडे नुसते तारेच.”

“बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.”

चिमणी चाळिशीला टेकली होती. दिवसभर ऑफिसात बँकेच्या ॲपची बटणं इकडून तिकडे सरकवायची, घरी येऊन स्वयंपाक उरकायचा आणि मध्येच बाबांना अंतराळातून सोडवायचं. जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी तिने मॉड करायला घेतलं, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची स्वतःची करामत: पडद्यावर एक पारदर्शक थर आणि त्यात वाट दाखवणारा बाण. बारीक बाण बाबांना दिसेना. जाड केला, तर त्यामागे अख्खा ग्रह झाकला जाई आणि बाबा नेमके त्यावर जाऊन आदळत.

“एवढ्या खटाटोपापेक्षा फोन घेणं सोपं नाही का?” नवरा म्हणाला.

तिने बाणाची जाडी पुन्हा बदलली. फोन नको म्हणूनच तर हे चाललं होतं, पण ते कबूल करायची तिची तयारी नव्हती.

एकदाचा बाण जमला. फोन थांबले. आधी तिला हायसं वाटलं, मग चुकल्याचुकल्यासारखं, आणि मग सरळ भीतीच वाटायला लागली. तिने स्वतःच फोन लावला.

“बाबा, बाण चालतोय ना?”

“झकास. थेट तुझ्या तळावर आणून सोडतो.”

आता तिला उलगडा झाला. बाण तपासताना तिने खेळातल्या आपल्याच तळाचा पत्ता घातला होता, तो काढायचा राहिला होता. बाबांनी दुसरं ठिकाण निवडलंच नाही, आणि बाण तिकडेच वळत राहिला.

“मग तिथे करता काय?”

“बसतो यान लावून. म्हटलं, पोरीने एवढं खपून बोलावलंय, तर येईलच. कामात असशील म्हणून फोन नाही केला.”

आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच तिला स्वतःची लाज वाटली. चूक सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. ती दमली होती, तिला झोपायचं होतं.

“थांबा बाबा,” ती म्हणाली. “मला जरा वेळ लागेल. बऱ्याच दिवसांत आलेच नाहीये मी तिकडे.”