त्रेसष्ट नंबरचं पेव

पुडीचा दोरा सुटला होता आणि एक हळकुंड कीबोर्डच्या कडेशी येऊन थांबलं होतं – बोटाएवढं, एका बाजूनं मोडलेलं, आणि मोडलेल्या जागी रंग इतका गडद की ब्राह्मीला वाटलं, हे अजून ओलंच आहे. पुडीवर शाईनं आकडा होता, ६३. पेढीवर प्रत्येक पेवातल्या हळदीची अशी एक पुडी असते. गिऱ्हाईक आलं म्हणून हरिपुरात जाऊन जमिनीखालचं पेव कुणी उघडत बसत नाही… तोंडावरची माती काढा, दगड सरकवा, आत कोंडलेली हवा जाईपर्यंत दिवसभर थांबा, मग दोरानं माणूस उतरवा. त्यापेक्षा पुडी सोडायची, हळकुंड मोडून दाखवायचं. आत जे असेल ते पुडीसारखंच असेल, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

तिला युक्ती सुचली ती या पुड्यांवरूनच. साडेचारशे पेवांची, कुठलं कधी उघडलं, कधी झाकलं याची नोंद आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होती. तिच्या पुढ्यातला कॉम्प्युटर तारेवरून तिथं जाऊन एक उत्तर शोधून आणी, तोवर समोरच्या हमालाची अर्धी बिडी संपे. म्हणून तिनं प्रोग्रॅममध्ये थोडी मेमरी बाजूला काढली. पेवाचा नंबर द्यायचा, त्या नंबरासमोर ठेवलेलं उत्तर उचलायचं. नसेल तरच डिस्ककडं जायचं, आणि आणलेलं उत्तर मेमरीत ठेवून द्यायचं – पुढच्या वेळेला. डोळ्याची पापणी लवायच्या आत चिठ्ठी छापून येऊ लागली तेव्हा मॅनेजर हंबीरराव खुर्चीतून उठून आले होते.

"मॅडम, ह्ये तर आमच्या सोपानाच्या वर झालं की!"

सोपान कांबळे दारात उभा होता. चाळीस वर्षं पेवांवर काढलेला माणूस, कुठलं पेव कधी उघडलं, कधी झाकलं हे त्याला विचारल्याशिवाय कुणी दोराला हात लावत नसे. तो हसला होता. "बरं झालं की. माझ्या डोस्क्याला तेवढीच सुट्टी." त्या हसण्यानं तिला तेव्हा फक्त ऐट आली. त्या दिवसापासून हमाल चिठ्ठी घेऊन परस्पर जाऊ लागले.

डिस्कवरची नोंद बदलली की मेमरीतलं जुनं उत्तर काढून टाकायचं – हेही लिहायचं होतं. चार ओळींचं काम. उद्या लिहू, असं तिनं म्हटलं होतं, आणि मग ते चाललंच होतं की नीट, दीड वर्षं; एकदा उघडलेलं पेव रिकामं होईतो सहसा कुणी झाकत नसे.

सोमवारी सकाळी त्रेसष्ट नंबर उघडलं, दुपारी त्याची एक चिठ्ठी निघाली आणि ते उत्तर मेमरीत बसलं. संध्याकाळी वळवाचे ढग आले म्हणून सोपाननं ते झाकायला लावलं आणि ऑफिसात येऊन सांगितलं. कारकुनानं आतल्या कॉम्प्युटरवर नोंद केली. मंगळवारी सकाळी दुसऱ्या हमालांनी दगड पुन्हा सरकवला. तासाभरानं सिद्धू हमाल चिठ्ठी घेऊन गेला. चिठ्ठीवर होतं – सोमवारी सकाळपासून उघडं. चोवीस तास वारा खाल्लेलं. सोपान तेव्हा पेवांच्या पलीकडच्या पट्टीत होता. त्याला विचारायची आता गरज नव्हती… सिद्धू निम्म्यात उतरला आणि हात सुटून कमरेच्या दोरावर लोंबकळला. वर ओढला तेव्हा ओठ निळे पडले होते. मिरजेच्या दवाखान्यात दोन रात्री काढून तो घरी आला. वाचला. वाचला, हे ती तीन दिवस स्वतःला सांगत होती आणि त्यानं काहीच हलकं होत नव्हतं.

कारण बुधवारी, सगळे जेवायला गेले असताना, तिनं आतल्या खोलीत जाऊन डिस्क पाहिली. पेव ६३. सोमवार, संध्याकाळी पाच चाळीस. झाकलं.

म्हणजे सोपाननं सांगितलं होतं.

हंबीररावांनी मात्र चिठ्ठीच पाहिली होती. "म्हातारा झालाय मॅडम. झाकल्यालं सांगायलाच इसरला. एक तारखेपासनं बंद करतो त्याला. उगं कुनाचा तरी जीव जायचा." शंभर नोंदींतली ही आपण केली की नाही हे कारकुनालाच सांगता येत नव्हतं. आणि ब्राह्मी… तिनं मान हलवली होती. नुसती हलवली. होकारार्थी की कशी, हे तिला आता आठवत नाही, म्हणजे होकारार्थीच.

ही नोकरी गेली तर साताऱ्याला भावाकडं. मागची खोली रिकामी आहे, असं तो दर महिन्याला फोनवर सांगतो. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बहिणीला आणखी काय सांगणार? त्या खोलीत गव्हाचं पिंप आहे, शिलाई मशीन आहे, आणि वहिनीची पावलं दारापर्यंत येऊन परत जातात. इथं गावभागातल्या भाड्याच्या खोलीत निदान येणारं-जाणारं कुणी नाही. आठ-आठ दिवस तिला नंबरांखेरीज काही विचारत नाही कोणी, आणि नंबरांची उत्तरं तीही देत नाही, यंत्र देतं…

शुक्रवारी दुपारी ती चिंचांच्या सावलीतून हरिपूरला चालत गेली. चालताना वाक्यं जुळवली, मोडली. पेवांच्या पट्टीत सोपान एका दगडावर बसला होता, हात मांडीत धरून, पाहुण्यासारखा.

"बाई? हिकडं कशाला उन्हाचं?"

जुळवलेलं काहीच तोंडात आलं नाही. "सोपानमामा, तुम्ही सोमवारी सांगितलं होतं. नोंद आहे. मी पाहिली. माझ्या प्रोग्रॅमनं जुनंच उत्तर दिलं. चूक माझी."

त्यानं मांडीतले हात सोडले.

"म्हंजी मी इसरलो न्हवतो?"

"नाही."

"सांगिटल्यालं?"

"पाच चाळीसला."

त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "तीन दिस घरात बोललो न्हाई, बाई. बायकू म्हनली, आवं दातखीळ बसली का काय. पर नातीला हाक मारायची तर भ्या वाटायचं. तोंडातनं दुसरंच नाव आलं तर? हितं बसून एकेक पेव आठवून बघायचो. सगळी आठवायची. पर वाटायचं, त्रेसष्ट बी आसंच आठवत हुतं की मला. मग ही खरी कशावरनं?"

ती ओरडा खायला आली होती, हे तिला आत्ता कळलं. तो ओरडला असता तर ते तिथंच फिटलं असतं. किंवा जाऊ द्या म्हणाला असता तरी.

"हंबीररावाला सांगिटलं?"

"अजून नाही."

सोपाननं लांब, नदीकडं पाहिलं. "तुमी एकट्या ऱ्हाता न्हवं? न्हाई सांगिटलं तरी माझी ना न्हाई. दोन वर्सांनी तसं बी बसायचंच हाय घरात. मला कळलं, लय झालं." मग आवाज मोठा करून त्यानं पलीकडच्या माणसाला हाक मारली, "ए आकाराम! अठ्ठावीसवर माती टाकलीस का रं गड्या? सकाळधरनं उघडं हाय त्ये!" नाव घेताना त्याचा आवाज जरासा अडखळला आणि मग सरळ गेला. आकारामनं लांबून हात हलवला. सोपान उठला, टोपी घातली, पुढच्या दगडाकडं चालू लागला – तिला तिथंच ठेवून, जणू ती आता बसायची असेल तर बसू शकते.

ती त्याच्या दगडावर बसली. दगड तापलेला होता. त्यानं दिलेली सूट तिच्या हातात होती. ती घेऊन सरळ खोलीवर जाता येत होतं, आणि उद्या त्या चार ओळी लिहिता येत होत्या, गुपचूप, आणि कुणालाच… तिनं ते वाक्य पुरं करून पाहिलं. होत होतं पुरं. सोपं होतं. पण साताऱ्याच्या खोलीची भीती तिनं चाचपली तेव्हा ती नेहमीच्या जागी नव्हती. तिथं एक म्हातारा होता, घरच्या माणसांत तोंड मिटून बसलेला. त्याचं ते तीन दिवसांचं गप्प राहणं आणि तिचं इतक्या वर्षांचं – दोन्हींत किती थोडं अंतर होतं…

पाच वाजून गेले असावेत. ऑफिस सहाला बंद होतं, चालत पाऊण तास. ती उठली, साडीला लागलेली माती तिनं झटकली नाही, आणि आपण ऑफिसच्या वळणाला वळणार आहोत की खोलीच्या, हे ठाऊक नसतानाच झपाझप चालू लागली.