माघारी पळणारा रनिंग बॅक

ऋतुराज जगतापने आयुष्यातल्या शेवटच्या सामन्यात बॉल घेऊन उलट्या दिशेला धूम ठोकली आणि स्वतःच्याच संघाला हरवलं. पण असं काही घडलंच नाही, असं जगताप कुटुंबात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर, शनिवारची सकाळ. ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या घरी स्वयंपाकघरात एका खुर्चीवर ऋतुराज बसला होता आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याचा उजवा पाय. गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी.

"त्या मटारचा मी पुलाव करणार होते," सुनीता म्हणाली. ती त्याची आई आणि शिवाय हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे ओरडायचा तिला दुहेरी अधिकार होता. "सर्जन काय म्हणाले?"

"खेळू नकोस म्हणाले."

"मग?"

"मग हळू खेळतो."

"आणि परत गेला गुडघा तर?"

"आई, एकच गेम. त्यानंतर मटार तुझे, गुडघा पण तुझा."

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅकचं काम सांगायला सोपं असतं. मागून कुणीतरी तुमच्या पोटात बॉल कोंबतं. समोर अकरा धिप्पाड माणसं तुम्हाला जमिनीत गाडायला उभी असतात. तुम्ही त्यांच्यामधून पलीकडे जायचं. शाळेत रग्बी खेळताना हा पोरगा कुणाच्या हातीच लागत नाही, हे एका अमेरिकन कोचच्या नजरेस पडलं आणि ऋतुराज अमेरिकेला गेला. आधी कॉलेज, मग एका व्यावसायिक संघात पगारी नोकरी. तिथे तो काही स्टार वगैरे नव्हता. कॉमेंटेटर त्याला 'जॅगटॅप' म्हणायचे आणि तो आपणच, हे कळायला त्याला पहिला सीझन लागला. या धंद्यात पंचविशीतला माणूस अनुभवी आणि अठ्ठाविशीतला म्हातारा. ऋतुराज अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा जिल्हा परिषदेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या त्याच्या आजोबांनी, नानासाहेबांनी, सांगलीहून फोन करून विचारलं होतं, "पेन्शन बसली का रे?"

निवृत्ती ऋतुराजने घेतली नव्हती. गुडघ्याने घेतली होती. त्या दिवशी त्याला छोट्या उघड्या गाडीत घालून मैदानाबाहेर नेलं. लोक टाळ्या वाजवत होते. सांगलीत नानासाहेबांनी ते मोबाइलवर पाहिलं आणि विचारलं, "मिरवणूक कसली काढलीय?" कुणीतरी गुडघा गेल्याचं सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

म्हणूनच ऑकलंडच्या हौशी लीगमधला हा एक सामना. ऋतुराजला जिंकायचं नव्हतं. त्याला फक्त मैदानातून स्वतःच्या पायांनी बाहेर यायचं होतं, आणि सध्या सहा महिन्यांसाठी मुक्कामाला आलेल्या नानांनी ते बघायला हवं होतं.

नानांचा या खेळाशी जुना संबंध होता, फक्त लीगला तो माहीत नव्हता. तरुणपणी ते कबड्डीतले नावाजलेले चढाईपटू. ऋतुराज लहान असताना ते दर उन्हाळ्यात इथे यायचे, मागच्या अंगणात सगळ्यांच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, ओळीने मांडून मध्यरेषा आखायचे आणि नातवाला चढाईला पाठवायचे. नियम एकच. शिवायला कुणीही जातो, गडी तो जो परत येतो. नाना ओरडले, "फिर माघारी!" की दुसरा विचार न करता वळायचं. अमेरिकन कोच ज्या हुलकावणीवर फिदा झाला, ती या जँडल्सवर घडली होती.

सामना रंगला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा ऋतुराजचा मनुरेवा संघ एका गुणाने पुढे होता आणि बॉल त्यांच्याकडेच होता, आपल्याच शेवटच्या रेघेपासून जरासा पुढे.

"ब्रो, काही करू नको," कॅप्टन इंग्रजीत म्हणाला. "बॉल पोटाशी धर आणि आडवा पड, वेळ संपेल. दॅट्स इट. स्वीट ॲज, काम फत्ते."

इतकं सोपं काम ऋतुराजला कारकिर्दीत कुणी दिलं नव्हतं.

आणि मग जे घडलं नाही, ते असं. बॉल हातात आला. ऋतुराज पडणार, तेवढ्यात समोरच्या चौघांनी त्याला घेरलं. बाहेर कॅम्प चेअरवर बसलेले नानासाहेब ताडकन उठले.

"फिर! बाळा, फिर माघारी!"

अमेरिकेतल्या साठ हजार प्रेक्षकांना जे जमलं नव्हतं, ते एका आवाजाने केलं. पाय वळले. एकाला हूल, दुसऱ्याच्या बगलेखालून, आणि ऋतुराज आपल्याच रेघेकडे असा सुटला की तसा तो पगार घेऊनही कधी पळाला नसेल. रेघ ओलांडून त्याने एक हात वर केला आणि हसत उभा राहिला. मग कॅप्टनचा चेहरा त्याला दिसला.

स्वतःच्या रेघेमागे बॉलसकट सापडलात की समोरच्याला दोन गुण. समोरच्या संघातल्या दीडशे किलोच्या गृहस्थाने त्याला धरलं आणि, बहुधा दया येऊन, अगदी अलगद खाली बसवलं.

ऋतुराज उठला. गुडघा चाचपला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मैदानाच्या कडेला सुनीता दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. तो चालत तिच्यापर्यंत आला.

"चालतोयस," ती म्हणाली.

"हरलो, आई."

"ते राहू दे रे. चालतोयस!"

तिकडे रेफरी टेविताने दोन्ही तळवे डोक्यावर जोडले. दोन गुण गेल्याची ती खूण. नानासाहेबांना तो नमस्कार वाटला. त्यांनी वाकून प्रतिनमस्कार केला आणि ते थेट मैदानात शिरले. मागून धाकटी नात ईशा धावली. "नाना, नो! सो एम्बॅरसिंग!"

"तू गप. त्यांना इंग्रजीत सांग. नावच रनिंग बॅक आहे ना? मग बॅक नको का यायला?"

ईशाने सांगितलं. टेविताने गंभीरपणे ऐकलं. "किया ओरा, अंकल," तो माओरीत अभिवादन करत म्हणाला. "फेअर पॉइंट. बट नो."

नानासाहेबांनी स्वेटर खाली ओढला, दूर आईजवळ दोन पायांवर उभ्या असलेल्या नातवाकडे एकदा पाहिलं आणि जिल्हा परिषदेच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"महोदय, सदर खेळाडू अनेक वर्षे परमुलुखात चढाईवर होता. तो आज दम न सोडता, कुणाच्याही गाडीत न बसता, स्वतःच्या पायांनी आपल्या हद्दीत सुखरूप परत आला आहे. तरी सदरचे दोन गुण त्याच्या नावे जमा करण्यात यावेत, ही नम्र विनंती."